‘समन्स घेऊच नका’ हा सल्ला तुम्हाला हरवेल

मोबाइल कंपनीने थकीत बिलासाठी दावा लावला तर काय करायचं, यावर एक मेसेज खूप फिरतोय. सारांश असा: समन्स घेऊ नका, तीन वर्षांनी बाकी आपोआप बुडते, ‘बिल मान्य नाही’ एवढं कंपनीला कळवलं की पुरे, दिवाणी दाव्यात अटक होत नाही, म्हणून घाबरू नका. चुकीचं बिल आलेल्या माणसाचा संताप मला पूर्ण पटतो. म्हणूनच हा मेसेज घातक वाटतो, कारण ज्याची बाजू खरी आहे तोच यात हरतो.

समन्स नाकारल्याने दावा थांबत नाही. बेलिफ (समन्स बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी) दारावर प्रत चिकटवू शकतो. टपाल ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत गेलं, तर न्यायालय समन्स बजावलं गेलं असंच धरतं. मग प्रकरण एकतर्फी, म्हणजे तुमच्याविनाच चालतं आणि हुकूमनामा (न्यायालयाचा वसुलीचा निर्णय) झाल्याचं जप्तीच्या वेळी कळतं. अर्थात, आलेला प्रत्येक कागद समन्स नसतो. नेहमीच्या लोकअदालतीची (कायमस्वरूपी लोकअदालतीची नव्हे) दावापूर्व नोटीस म्हणजे तडजोडीचं बोलावणं; तुमच्या संमतीशिवाय तिथे निवाडा होत नाही, पण सही केलीत की त्यावर अपील नाही. समन्सवर न्यायालयाचा शिक्का आणि दाव्याचा क्रमांक असतो, तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तपासा.

तीन वर्षांची मुदत आहे ती दावा दाखल करण्याची. मुदतीत दाखल झालेला दावा कितीही रेंगाळला तरी मुदतबाह्य होत नाही, आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी वादीला १२ वर्षं मिळतात. मुदत संपण्याआधी थकबाकी लेखी कबूल करून सही दिलीत, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. वसुलीवाल्याने पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधी हे लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तिसऱ्या मुद्द्याने. कंपनीला पाठवलेलं पत्र, ग्राहक सेवेचा तक्रार क्रमांक, एवढंच काय ग्राहक आयोगातली तक्रारसुद्धा (२०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा मार्ग निर्विवाद खुला आहे) दाव्याचं उत्तर ठरत नाही. उत्तर म्हणजे कैफियत, न्यायालयात दाखल केलेलं तुमचं लेखी म्हणणं. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची. न्यायालय कारणं नोंदवून ९० दिवसांपर्यंत सवलत देऊ शकतं. संक्षिप्त दावा (झटपट पद्धतीने चालणारा) असेल तर १० दिवसांतच हजर व्हावं लागतं. कैफियतीत ‘सर्व मजकूर खोटा’ असं मोघम लिहून भागत नाही, कारण जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. ‘परिच्छेद ४ मधली रोमिंगची आकारणी नाकबूल, नंबर त्याआधीच पोर्ट झाला होता, पोर्टिंगचा एसएमएस सोबत जोडला आहे’ असं कलमवार लिहा. कंपनीची बिलं संगणकीय नोंदी आहेत. अशा नोंदी पुराव्यात देताना लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्यांना जोडलंय का, तेही बघा.

अटकेबद्दल मेसेज बराचसा बरोबर आहे. पोलीस येत नाहीत. पण बँक खातं आणि पगाराचा काही भाग जप्त होऊ शकतो.

वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवेला फोन करा. महिलांना उत्पन्नाची अट नाही. एकतर्फी हुकूमनामा आधीच झाला असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करता येतो, आणि समन्स नीट बजावलंच नसेल तर हे ३० दिवस तुम्हाला कळल्यापासून धरतात. समन्स हातात आलेलं असताना ज्याने ते नाकारलं, त्याला मात्र हे कारण सांगता येत नाही.