‘विंडोज 11 घातलं की मशीन गेलं’: बेळगावकडच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: विंडोज 10 बंद झालं म्हणून जुनी मशीन भंगारात गेली, 11 घातलं की कॉम्प्युटर स्लो होतो, मराठी-कन्नड टायपिंग जातं आणि जुन्या फाइली वाचता येत नाहीत, अपडेटमुळे एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) उडते, तुमच्या स्क्रीनचे फोटो काढून अमेरिकेला पाठवले जातात, तेव्हा 11 कुणी घालू नका आणि अपडेट कायमचे बंद करून टाका. खाली ‘सर्व सीमावासीयांना पाठवा’ हे आहेच.

माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. मेसेज सगळाच थापांचा असता तर सोडून दिला असता. पण त्यात सांगितलेला त्रास बऱ्याच जागी खरा आहे आणि कारण मात्र भलतंच दिलंय. दुकानात एक गिऱ्हाईक सांगतं, ‘11 एकदम झकास चाललंय’, आणि त्याच्या मागून आलेलं म्हणतं, ‘काय घातलासा ओ हे, चालूच होईना झालंय.’ दोघंही खरंच बोलत असतात. असं का होतं ते मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘10 बंद झालं, मशीन भंगारात’

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला, एवढं खरं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळी मशीन नेहमीसारखी चालू झाली. थांबले ते सुरक्षेचे मोफत अपडेट. घरगुती वापरासाठी तेही आणखी वर्षभर, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळायची सोय जाहीर झाली. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणी करायची. मशीन 22एच2 या शेवटच्या आवृत्तीवर पाहिजे आणि मायक्रोसॉफ्टचं खातं पाहिजे. सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवायला हरकत नसेल तर पैसे लागत नाहीत, नको असेल तर 30 डॉलर. पतसंस्था, कारखाने यांना वेगळी योजना: पहिल्या वर्षी मशीनमागे 61 डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त 3 वर्षं. महाग आहे, पण याला भंगार म्हणत नाहीत.

उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये सीएनसीला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंग मशीनला) प्रोग्रॅम पाठवायला सिरियल पोर्टवाला जुना कॉम्प्युटर असतो, त्यावर अजून जुनी विंडोज एक्सपीसुद्धा सापडते. नेटला जोडलेला नसेल, कुणाचाही पेनड्राइव्ह त्यात घुसत नसेल, तर त्याला हात लावू नका. त्याचं काम नीट चाललंय.

‘11 मुळे मशीन स्लो होतं’

या तक्रारीला थोडा इतिहास आहे. 5 ऑक्टोबर 2021 ला 11 आलं तेव्हा एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर काही गेम 15 टक्क्यांपर्यंत मंद पडत होते. त्याच महिन्यात दुरुस्ती आली, पण नाव खराब झालं ते झालंच. त्यात टास्कबार वर किंवा बाजूला न्यायची सोय काढून टाकलेली, राइट क्लिकचा मेनू अर्धा लपवलेला. टास्कबारवर प्रत्येक खिडकीचं नाव वेगळं दिसायची जुनी सोय परत यायला 2023 उजाडलं. दिवसभर दहा फाइली उघड्या ठेवून टाइप करणाऱ्या माणसाला हे सगळं ‘स्लो’च वाटतं, आणि त्याचं काही चुकत नाही.

पण आपल्याकडे खरोखर रांगणारी जी मशीन येतात, त्यांच्या आत बहुतेक वेळा फिरणारी हार्डडिस्क निघते. 11 साठी मायक्रोसॉफ्टची कागदावरची अट अशी: 64 बिटचा, ठरलेल्या यादीतला प्रोसेसर (इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा), टीपीएम 2.0 (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना परकं काही घुसू न देणारी सोय), 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा. यात एसएसडी हवीच असं कुठेही लिहिलेलं नाही. इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाल्यावर 2018 ते 2020 च्या सुमारास पोरांना घेऊन दिलेले लॅपटॉप आठवा. प्रोसेसर आठव्या-दहाव्या पिढीचा, रॅम 4 जीबी आणि आत 1 टीबीची हार्डडिस्क. तपासणीत हे मशीन पास होतं, अपडेट आपोआप येतो आणि दुसऱ्या दिवसापासून वर्ड उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा रकाना बघा. काहीही न करता तो 100 टक्क्यांवर चिकटलेला असला तर उत्तर मिळालं. एसएसडी आणि 8 जीबी रॅम घातली की तेच मशीन, तेच 11, नीट पळतं.

याच्या उलटही होतं. चौथ्या पिढीचा जुना डेस्कटॉप असतो, मालकाने एसएसडी घातलेली असते, दुकानदाराने अटींना बगल देऊन 11 घातलेलं असतं. ते झकास चालतं. म्हणजे कागदावर पास झालेला रडतोय आणि नापास झालेला हसतोय. ग्रुपवरची निम्मी भांडणं यातूनच येतात.

फक्त त्या हसणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. 11 च्या प्रत्येक आवृत्तीला होम आणि प्रोमध्ये 24 महिन्यांचंच आयुष्य असतं. 23एच2 चं 11 नोव्हेंबर 2025 ला संपलं. बगल देऊन घातलेल्या मशीनवर पुढची आवृत्ती आपोआप येत नाही, कुणीतरी बसून घालावी लागते. आणि कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या मशीनवर 24एच2 सुरूच होत नाही, कारण प्रोसेसरमध्ये त्याला लागणाऱ्या काही सूचनाच नाहीत. ‘11 घातलंय, आता काळजी नाही’ म्हणणारे कितीतरी जण आज संपलेल्या आवृत्तीवर बसलेले आहेत.

‘मराठी-कन्नड टायपिंग जातं, जुन्या फाइली वाचता येत नाहीत’

इथे मेसेज लिहिणाऱ्याने आपल्या भागाची दुखरी नस धरलीय. तहसीलदार कचेरीचा अर्ज कन्नडमध्ये, सोसायटीची नोटीस मराठीत, बँकेचं पत्र इंग्रजीत, आणि चंदगडकडे जमीन असली तर सातबाराचा पत्रव्यवहारही त्याच मशीनवर. टायपिंग गेलं तर आपलं कामच बंद पडतं.

पण श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटांतल्या फाइलीत मुळात मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेले असतात इंग्रजी कीबोर्डचे कोड, आणि फाँट ते देवनागरीसारखे दाखवतो. फाँट नसला की त्याच फाइलीत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. हे विंडोज 98 वरही होत होतं, एक्सपीवरही. कन्नडच्या नुडी सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटांचं तेच. 11 घालताना दुकानात फॉरमॅट मारला आणि फाँटचं फोल्डर आधी कॉपी करून ठेवलं नाही, तर शिव्या कुणाला द्यायच्या ते उघड आहे.

फाँट परत घालतानाही एक गोम आहे. नुसतं ‘इन्स्टॉल’ दाबलं की 2018 नंतरच्या 10 मध्ये आणि 11 मध्ये तो फक्त त्या यूजरपुरता बसतो, आणि काही जुन्या प्रोग्रॅमांना तो दिसतच नाही. राइट क्लिक करून ‘ऑल यूजर्स’वाला पर्याय निवडा. लग्नपत्रिका आणि गणपती मंडळांची पावती पुस्तकं अजून पेजमेकरवर करणाऱ्यांनी तर आधी हेच करावं. पेजमेकर 7 हे 2001 चं सॉफ्टवेअर, त्याच्याकडून नव्या सवयींची अपेक्षा कशाला?

आता मंगल फाँटची गंमत. एका पतसंस्थेचे सेक्रेटरी वार्षिक सभेची नोटीस घेऊन आले. गेली कित्येक वर्षं एका पानात बसणारी नोटीस नव्या मशीनवर दुसऱ्या पानावर सांडत होती आणि चेअरमनसाहेबांची सही एकटीच मागच्या पानावर गेली होती. ‘11 ने फाइल बिघडवली’ असं त्यांचं ठाम मत. फाइलीला काहीही झालेलं नव्हतं. विंडोज 10 पासून मंगल हा आधीपासून बसवलेला फाँट राहिलेला नाही, तो ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ नावाच्या ऐच्छिक गठ्ठ्यात असतो. तो नसला की वर्ड त्याच्या जागी दुसरा फाँट लावतं, ओळींची उंची बदलते आणि पान सांडतं. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन तो घातला आणि चेअरमनसाहेबांची सही जागेवर आली. कन्नडच्या तुंगा फाँटचंही असंच, त्याचा गठ्ठा वेगळा.

युनिकोडवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या फाइलीत खरी मराठी-कन्नड अक्षरंच साठवली जातात त्यांना, तर 11 मध्ये काहीच अडायला नको. मराठी, कन्नड दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड 2019 च्या मे अपडेटपासून विंडोजमध्येच आहेत, 11 मध्येही आहेत. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदला. माझं मत विचाराल तर आपल्या भागात इनस्क्रिप्ट शिकावं, म्हणजे सगळ्या भारतीय भाषांसाठी एकाच धर्तीवर बेतलेला कीबोर्ड. मराठीचा ‘क’ ज्या बटणावर आहे त्याच बटणावर कन्नडचा ‘क’ आहे. एकदा बोटं बसली की दुसऱ्या भाषेसाठी नवं काही पाठ करावं लागत नाही. सरकारी पोर्टलवर फॉर्म भरून देणाऱ्या पोरांना याचा केवढा उपयोग आहे, आणि शिकवतं कोण?

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूने सांगायलाच हवी, जरी त्याने स्वतः ती सांगितलेली नाही. 11 ची 32 बिटची आवृत्ती निघालेलीच नाही, आणि 64 बिट विंडोजवर डॉसच्या काळातले 16 बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत. ज्या सोसायट्यांची पिग्मीची किंवा कर्जाची जुनी खाती अजून डॉसच्या प्रोग्रॅममध्ये अडकलीत आणि तो 32 बिट विंडोज 10 वर कसाबसा तग धरून होता, त्यांचं काम 11 घातलं की खरंच थांबतं. डॉसबॉक्ससारखा (डॉसचे प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालवणारा) उपाय करता येतो, पण आधी डेटाचा बॅकअप घ्या आणि प्रिंट नीट येते का ते तपासा. जुन्या डोंगलांचंही (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावाव्या लागणाऱ्या किल्ल्यांचंही) तसंच: ड्रायव्हर 64 बिटचा आणि डिजिटल सही असलेला नसेल तर 11 त्याला दारातही उभं करत नाही.

‘एसएसडी उडते’ आणि ‘स्क्रीनचे फोटो काढतात’

ऑगस्ट 2025 मध्ये केबी 5063878 या अपडेटनंतर मोठ्या फाइली कॉपी करताना एसएसडी गायब होते, अशी बातमी जपानमधून सुरू होऊन जगभर गेली. मायक्रोसॉफ्टला संबंध सापडला नाही. एसएसडीचे कंट्रोलर बनवणाऱ्या फायझनने 4,500 तासांहून जास्त चाचण्या केल्या, त्यांनाही तो दोष परत घडवता आला नाही. विषय संपला.

फोटोंचा मुद्दा रिकॉल नावाच्या सोयीवरून आलाय. 2024 च्या मे महिन्यात ती जाहीर झाली तेव्हा एवढी ओरड झाली की मायक्रोसॉफ्टला ती लांबणीवर टाकावी लागली. ती फक्त कोपायलट प्लस म्हणून विकल्या जाणाऱ्या, निदान 16 जीबी रॅमच्या नव्या मशीनवर असते, आपण चालू केली तरच चालते आणि चित्रं त्या मशीनवरच राहतात. तुमच्या सहा वर्षांच्या लॅपटॉपवर तिचा पत्ताच नाही. त्यापेक्षा वनड्राइव्हकडे बघा. सेटअपच्या वेळी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तो आपल्याकडे ओढतो, 5 जीबीची फुकट जागा भरली की ‘फुल’ म्हणून ओरडतो, आणि माणूस घाबरून वेबसाइटवरून फाइली उडवतो. मग त्या डेस्कटॉपवरूनही जातात. रिसायकल बिनमधून परत आणता येतात, पण लवकर बघायला हवं. तक्रार करायची तर याची करा.

‘अपडेट कायमचे बंद करा’

अख्ख्या मेसेजमधला हा सगळ्यात घातक सल्ला. 12 मे 2017 ला वॉनाक्राय आला, जगभर दवाखाने आणि कचेऱ्या बंद पाडल्या. त्याने वापरलेलं भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घातला ते वाचले.

अपडेट कधी कधी स्वतःच घाण करतात, हे कबूल. 14 ऑक्टोबर 2025 च्या अपडेटनंतर दुरुस्तीच्या स्क्रीनवर यूएसबी माऊस आणि कीबोर्ड चालेनासे झाले. म्हणजे ज्या जागी त्यांची खरी गरज, नेमके तिथेच. 20 तारखेला दुरुस्ती आली. यावर उपाय म्हणजे आठवडाभर थांबणं. ‘पॉज’ची सोय 5 आठवड्यांपर्यंत आहे. महिन्याचा अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतो. तो आठवडा जाऊ द्या, मग घाला. जांबोटी, कणकुंबीकडे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी त्या वायफायला ‘मीटर्ड’ करून ठेवावं, म्हणजे दिवसाचा डेटा अपडेट खात नाही. आणि लाईटचा भरवसा नसेल तर डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय अपडेट सुरू करू नका.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट

डेटा खरोखर कायमचा जातो तो इथे. 24एच2 पासून नव्याने घातलेल्या 11 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी कुलूपबंद होते, होम आवृत्तीतसुद्धा. तिची 48 आकडी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. आता बऱ्याच दुकानांत काय होतं? गिऱ्हाईकाला घाई असते, त्याला ईमेलचा पासवर्ड आठवत नसतो, म्हणून कामावरचा पोरगा स्वतःच्या किंवा तिथल्या तिथे बनवलेल्या ईमेलने सेटअप उरकतो. पुढे कधीतरी बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अपडेट होतो किंवा मदरबोर्ड बदलतो, निळा स्क्रीन येतो आणि 48 आकडे मागतो. तोवर तो पोरगा पुण्याला कामाला गेलेला असतो. किल्ली नसेल तर मी काही करू शकत नाही, मायक्रोसॉफ्टही नाही. पोरीच्या बारशाचे फोटो, संस्थेचं लेजर, सगळं त्याच डिस्कवर असतं आणि कुणालाच उघडत नाही.

म्हणून दुकानातून मशीन घेताना बिल द्यायच्या आधी सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडायला सांगा आणि तिथला ईमेल तुमचाच आहे का ते बघा. मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते बघा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर आपल्या खात्यातून किल्ली काढून कागदावर उतरवून घ्या. ईमेल दुसऱ्याचा निघाला तर एन्क्रिप्शन तिथेच बंद करायला लावा, खातं बदलून घ्या आणि मगच पैसे द्या.