मिरी घातली म्हणून मांस टिकत नाही

वडोदऱ्यात वर्षाचे मसाले भरायचे दिवस आले की दांडिया बाजारातल्या आम्हा मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. युरोपीय खलाशांचं मांस म्हणे आपल्या मिरी-लवंगांमुळे महिनोन्‌महिने टिकायचं, नासलंच तर मसाल्याने खाण्याजोगं व्हायचं, शिवाय मसाल्यांमुळे ते आजारी पडत नसत; म्हणूनच वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला. मसाल्यांचा अभिमान मलाही आहे, पण हा मेसेज चुकीचा आहे.

टिकवण्याचं काम मिठाचं होतं. मांस मिठात मुरवून खाऱ्या पाण्यासकट लाकडी पिंपांत बंद करत. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं आणि जंतूंना वाढायला लागणारं पाणी उरत नाही. कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळल्यावर पातेल्यात पाणी सुटतं ना, तेच हे. मीठ कमी पडलं तर कितीही मोहरी-मेथी घाला, लोणच्याला बुरशी येते. शेजारच्या गुजराती घरातला छुंदा टिकतो तो साखरेवर, जिऱ्यावर नाही. ब्रिटिश नौदलाच्या १७३१ च्या नियमांत खलाशाला आठवड्याला ४ पौंड गोमांस, २ पौंड डुकराचं मांस आणि रोज १ पौंड कडक सुकवलेलं बिस्किट ठरलेलं होतं, वर वाटाणे, ओट, लोणी, चीज, बिअर. त्या यादीत मिरी नाही. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रज युद्धनौकेवर मिरीचे दाणे सापडले आहेत, म्हणजे मिरी जहाजावर असे. पण मांसाची पिंपं तिच्या भरवशावर भरलेली नसत.

नासलेल्या मांसाची गोष्ट तर हिशेबातच बसत नाही. ज्याला इतकी महाग मिरी परवडे, त्याला ताजं मांस सहज परवडे. आणि हे वाचून कुणी उतरलेल्या मटणात जास्तीचा गरम मसाला घालू नये, ही माझी कळकळ आहे. मसाल्याने वास झाकला जातो, विष जात नाही. काही जंतूंनी सोडलेलं विष उकळूनही नष्ट होत नाही.

गामाला मसाले हवे होते ते व्यापारासाठी. अरब आणि व्हेनिसचे व्यापारी टाळून थेट माल मिळवण्यात प्रचंड नफा होता.

उरला आजार. गामाची जहाजं कालिकतहून मसाले घेऊनच परतत होती, तरी अरबी समुद्र ओलांडताना तीसएक माणसं स्कर्व्हीने, म्हणजे ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणाऱ्या आजाराने गेली. हिरड्या सुजत, अंगातलं त्राण जाई. माणसं इतकी कमी उरली की १४९९ च्या जानेवारीत साओ राफाएल हे जहाज जाळून टाकावं लागलं. त्याआधी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदी बंदरात गामाने आजाऱ्यांसाठी संत्री मागवली होती. पुढे १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीला वेगळा उपाय दिला. एका जोडीला लसूण, मोहरी वगैरेंचं चाटण मिळालं. त्याने गुण आला नाही. संत्री आणि लिंबं खाणारी जोडी मात्र आठवड्याच्या आत सुधारली. तरीही नौदलात लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ साल उजाडलं.