मुलगा सज्ञान झाला म्हणून सभासदाचा प्रश्न बाद होत नाही

सांगली-साताऱ्याच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. ‘नेत्यांच्या सज्ञान मुलांवर बोलण्याआधी कायदा वाचा’ असं त्याचं शीर्षक आणि खाली पाच मुद्दे. एक, मुलगा अठरा वर्षांचा झाला की तो कायद्याने वेगळा, म्हणूनच निवडणुकीच्या शपथपत्रात सज्ञान मुलांची माहिती नसते. दोन, नव्या डेटा कायद्यानुसार नेत्याच्या मुलाच्या कंपनीची माहिती ग्रुपवर टाकली तर २५० कोटी रुपये दंड, आणि ॲडमिनलाही अटक. तीन, सहकारी संस्थेत संचालकांच्या घरच्यांबद्दल विचारण्याचा सभासदाला अधिकार नाही, माहितीचा अधिकारही तिथे चालत नाही. चार, डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतो, मग नेत्याच्या मुलानेच काय घोडं मारलं? पाच, लोकच निवडून देतात.

आमच्या तात्यांनी सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेसाठी एक प्रश्न लिहून ठेवला होता. हा मजकूर वाचून त्यांनी तो कागद फाडला. त्यामुळे हसून सोडून देण्याची वेळ गेली.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. हे लिहिणाऱ्याने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० उघडूनसुद्धा पाहिलेला नाही. कलम ७५ वार्षिक सर्वसाधारण सभेचं आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत सभा घ्यायची. त्याच कलमाचं पोटकलम (२) सांगतं की संचालक मंडळाने सभेपुढे एक विवरण ठेवायचं. मंडळाच्या सदस्यांना दिलेली कर्जं, त्यांच्या कुटुंबातल्या कोणाला दिलेली कर्जं, आणि हे लोक ज्या फर्ममध्ये, कंपनीत किंवा संस्थेत भागीदार, संचालक वा सदस्य आहेत तिला दिलेली कर्जं, सगळी त्यात यायला हवीत. वर्षात परतफेड किती झाली, वर्षअखेर बाकी किती, थकीत किती, हेसुद्धा. कुटुंब म्हणजे कोण, तेही मोघम ठेवलेलं नाही: पत्नी, पती, वडील, आई, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून. वयाची अट कुठेच नाही. जावई आणि सून यादीत आहेत यावरूनच कळायला हवं की कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शाळकरी पोरं नव्हती, लग्नं झालेली, धंदा करणारी, कर्ती माणसं होती.

या यादीत वडीलही आहेत, आणि आपल्याकडे त्याचं महत्त्व मोठं आहे. अनेक ठिकाणी साहेब स्वतः संचालक नसतात, ते फक्त ‘मार्गदर्शक’ असतात आणि चेअरमनच्या खुर्चीवर मुलगा बसतो. मग लोक म्हणतात, साहेबांना विचारून काय उपयोग, ते तर बॉडीवर नाहीतच. पण मुलगा बॉडीवर असला की त्याच्या कुटुंबात वडील येतात. संस्थेने साहेबांच्या फर्मला कर्ज दिलं असेल तर ते विवरणात दिसलंच पाहिजे. विवरण ठेवलं नाही तर त्याला जबाबदार असलेल्या संचालकाला निबंधक, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी, अपात्र ठरवू शकतो. ही तरतूद त्याच कलमात पुढे आहे.

आता हे विवरण फक्त कर्जांचं आहे. तोडणी-वाहतुकीचा ठेका, मळीची विक्री, बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) सौदा, यंत्रांची खरेदी त्यात येत नाही. त्यासाठी त्याच अधिनियमाचं कलम ३२. संस्थेच्या कार्यालयात जाऊन वार्षिक सभेचं आणि संचालक मंडळाच्या बैठकांचं इतिवृत्त, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सभासदांची नोंदवही विनाशुल्क पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. लेखी मागणी करून ठरलेली फी भरली की महिन्याभरात नक्कल द्यावी लागते. ठेका कोणाला आणि कोणत्या दराने दिला, हे मंडळाच्या ठरावात असतं. तिथून फर्मचं नाव मिळतं. ती खासगी कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावं फुकट दिसतात आणि १०० रुपये भरले की ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र उघडता येतं. एकट्याच्या मालकीची फर्म असेल तर बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाका. दुकानाचं नाव काहीही असो, शेजारी मालकाचं कायदेशीर नाव येतं.

गाडी अडते ती दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे प्रश्न विचारण्याची पद्धत. सभेत उठून ‘तुमच्या पोरानं किती खाल्लं’ असं म्हटलं की पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ सुरू होतं, माईक बंद पडतो आणि इतिवृत्तात एक ओळही येत नाही. कलमाचा आकडा घालून दिलेला लेखी प्रश्न इतक्या सहज गिळता येत नाही. प्रश्न किती दिवस आधी द्यायचे, हे अहवालासोबतच्या सूचनेत बहुधा बारीक अक्षरात छापलेलं असतं. ती मुदत चुकली की प्रश्न बाजूला पडलाच म्हणून समजा.

दुसरं, नावांचा घोळ. आपल्या दोन जिल्ह्यांत पाटील, कदम, माने, भोसले ही आडनावं गल्लीगल्लीत आहेत. नुसतं आडनाव आणि पहिलं नाव जुळलं म्हणून ‘साहेबांच्या मुलाची कंपनी सापडली’ अशी पोस्ट टाकणारे महाभाग मी पुष्कळ पाहिलेत. मधलं नाव जुळतं का, कंपनीचा नोंदणीकृत पत्ता कुठला, सोबतचे संचालक कोण, हे सगळं जुळल्याशिवाय तोंड उघडू नये.

माहितीच्या अधिकाराबद्दल मजकुरात अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०१३ रोजी थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या निकालात सांगितलं की सरकारचा भरीव निधी नसेल तर सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. त्यामुळे थेट कारखान्याकडे टाकलेला अर्ज परत येतो. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की निबंधक हे सार्वजनिक प्राधिकरण आहे, आणि संस्थेकडून कायद्याने जी माहिती तो मागवू शकतो ती त्याच्याकडे मागता येते. साखर कारखान्यासाठी तो अर्ज प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांच्याकडे जातो, सांगलीकरांचा कोल्हापूरला आणि सातारकरांचा पुण्याला. अर्जाला १० रुपये, नकलेच्या पानाला २ रुपये, उत्तराला ३० दिवस. अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर तेवढ्या कारणावर तो फिरतो. ‘चेअरमनच्या मुलाची संपत्ती सांगा’ असं लिहिलंत तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येणार, आणि डेटा कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदलल्यापासून तो नकार आणखी सोपा झालाय. ‘अमुक संस्थेच्या अमुक वर्षाच्या लेखापरीक्षण अहवालाची प्रत’ असं लिहिलं तर विषय संस्थेचा होतो.

आता २५० कोटी. हा आकडा ज्याने मजकुरात घातला त्याला लोक घाबरतील हे पक्कं ठाऊक होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या अनुसूचीत २५० कोटींपर्यंतचा दंड आहे खरा, पण तो कोणाला? लोकांचा डेटा गोळा करून वापरणाऱ्या कंपनीने, बँकेने किंवा ॲपवाल्याने तो नीट सांभाळला नाही आणि तो फुटला, तर. चावडीवरच्या ग्रुपात कंपनीच्या संचालकाचं नाव लिहिणाऱ्या शेतकऱ्यासाठी ते कलम नाही. शिवाय कलम ३ स्वच्छ सांगतं की दुसऱ्या एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे जी वैयक्तिक माहिती जाहीर केली गेली आहे, तिला हा कायदा लागूच नाही. कंपनीच्या संचालकांची नावं कंपनी कायद्याच्या सक्तीने जाहीर होतात. ताळेबंद, कर्जाचा बोजा ही तर कंपनीची माहिती आहे, माणसाची नव्हेच. दंड ठरवण्याचं काम डेटा संरक्षण मंडळाचं, तेही चौकशी करून. या कायद्यात अटकेची तरतूद नाही. ग्रुप ॲडमिनचं म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही.

धोका आहे तो दुसरीकडे. कागद हातात नसताना ‘चोर’, ‘दरोडेखोर’ असं लिहिलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला होऊ शकतो, आणि तो लढवायला वर्षं जातात. मुलाचा फोन नंबर, घरचा पत्ता, आधार किंवा पॅन, दवाखान्याचे कागद, मुलीच्या लग्नाचे किंवा घटस्फोटाचे तपशील ग्रुपवर फिरवणं ही शुद्ध नालायकी आहे. एवढ्यापुरती मजकूर लिहिणाऱ्याची तक्रार मला पटते. नेत्याची मुलगी कोणाबरोबर फिरते याच्याशी सभासदाचं काही देणंघेणं नाही. संस्थेचा पैसा कोणाच्या फर्ममध्ये गेला, याच्याशी मात्र आहे.

पहिला मुद्दा शपथपत्राचा. उमेदवाराच्या शपथपत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, स्वतःची, पती किंवा पत्नीची, एकत्र कुटुंबाची आणि अवलंबितांची माहिती द्यावी लागते. अवलंबित म्हणजे ज्याला स्वतंत्र उत्पन्न नाही आणि जो उमेदवारावर जगतो तो. अठरा वर्षांचा उल्लेख तिथेही नाही. तिशीतला मुलगा कमावत नसेल तर तो अवलंबित आणि त्याचं सगळं लिहावं लागतं. मुलगा स्वतः कमावता असेल तर त्याच्या मालमत्तेचा रकाना नाही, हे खरं. कायद्यातलं हे भगदाड आहे, आणि मजकूर लिहिणारा तेच हक्क असल्यासारखं मिरवतोय.

तरीही बापाच्या शपथपत्रात कमावत्या मुलाचं नाव दोन जागी डोकावतं. जंगम मालमत्तेत ‘व्यक्ती, फर्म, कंपनी यांना दिलेली कर्जं व आगाऊ रकमा’ असा रकाना असतो, आणि देण्यांमध्ये ‘इतर व्यक्तींकडून घेतलेली कर्जं’. मुलाला किंवा त्याच्या कंपनीला दिलेले हातउसने पहिल्यात दिसायला हवेत, त्याच्याकडून घेतलेले दुसऱ्यात. उमेदवाराला, त्याच्या पत्नीला किंवा अवलंबितांना सरकारी कंत्राटं आहेत का, त्यांची भागीदारी असलेल्या फर्मला आहेत का, याचाही रकाना आहे. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर शपथपत्रं फुकट उतरवून घेता येतात. एकच शपथपत्र वाचून फारसं हाती लागत नाही. २०१९ आणि २०२४ ची दोन शेजारी ठेवा आणि हे दोन रकाने ओळीओळीने ताडून बघा. खोटी माहिती दिली किंवा लपवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५क खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे.

डॉक्टरच्या मुलाचं उदाहरण मला ऐकवत नाही. डॉक्टरच्या मुलाला ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, एमबीबीएस पास व्हावं लागतं, मगच नावापुढे पदवी लागते. साहेबांच्या मुलाला शिक्षण संस्थेचा विश्वस्त व्हायला फक्त एक ठराव आणि धर्मादाय आयुक्तांकडे एक चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अर्ज, लागतो. उद्याचा वारस कोण, हे बघायचं असेल तर पोस्टर बघू नका, जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात संस्थेच्या विश्वस्तांच्या नोंदीत कोणाचं नाव नव्याने चढलंय ते बघा. तिकीट मिळण्याच्या पुष्कळ आधी ते तिथे चढलेलं असतं.

‘लोकच निवडून देतात’ हे मात्र सरसकट खोटं नाही. वसंतदादांचे नातू विशाल पाटील २०२४ मध्ये पक्षाचं चिन्ह नसताना सांगली लोकसभेला अपक्ष उभे राहिले आणि लाखाच्या फरकाने निवडून आले. तो कौल लोकांचाच. पण सगळीकडे कौल मागितला जातो असं नाही. पतंगराव कदमांच्या निधनानंतर २०१८ मध्ये पलूस-कडेगावची पोटनिवडणूक बिनविरोध झाली, म्हणजे मतदान झालंच नाही. २०१९ मध्ये तिथे त्यांचे पुत्र विश्वजीत कदम मोठ्या फरकाने जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकाची मतं ‘नोटा’ला पडली, वीस हजारांहून जास्त. ही मतं कोणाच्या विरोधातली, यावर वाद घालता येईल. पण समोर धड पर्याय नव्हता, हे त्या आकड्यात दिसतं. आणि कारखान्याला, बँकेला फक्त सभासद मत देतात, शिक्षण संस्थेत तर सामान्य मतदाराला मतच नाही. आमदारकीच्या मतांनी तिथल्या हिशेबावर शिक्का बसत नाही.

तात्यांना नवा कागद करून दिलाय. ज्यांना हवा त्यांनी जसाच्या तसा उतरवून घ्यावा:

‘अधिनियमाच्या कलम ७५(२) नुसार, संचालक मंडळाचे सदस्य, त्यांचे कुटुंबीय, तसेच ते ज्या फर्म, कंपनी वा संस्थेत भागीदार, संचालक वा सदस्य आहेत त्यांना दिलेल्या कर्जांचे ३१ मार्चअखेरचे विवरण अहवालाच्या कोणत्या पानावर आहे? नसल्यास ते सभेपुढे ठेवावे आणि या प्रश्नाची व उत्तराची इतिवृत्तात नोंद घ्यावी.’

खाली नाव, गाव, सभासद क्रमांक आणि सही. दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर तोच कागद त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने कार्यकारी संचालकांच्या नावे पाठवा.