पटवर्धनांचे कामगार कोणाचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चित्रकार सुधीर पटवर्धनांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की ठाण्यातला एक डॉक्टर कामगारांची चित्रं काढतो, ती श्रीमंतांच्या भिंतींवर जातात, कामगाराच्या हाती काय लागतं? आणि माझा लेख म्हणजे नुसती आरती ओवाळणं. प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तराला चार दिवस लावले.

आधी माझी चूक. ‘रोज एक्सरे बघणाऱ्याला माणसाच्या आतलं दिसतं’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. त्यांच्या चित्रांत हाडं नाहीत, मांस आहे. जड, थकलेलं, जागा अडवणारं मांस. 1975 ते 2005 अशी तीस वर्षं ते ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट होते. त्या नोकरी-व्यवसायाने त्यांना दिलं ते याहून साधं: चित्र विकलं नाही तरी चूल पेटत होती.

पण ‘कामगारांवर दया दाखवून नाव कमावलं’ हा तुमच्या प्रश्नातला सूर मला मान्य नाही. सत्तरच्या दशकात डाव्या विचाराच्या चित्रकाराला मुठी आवळलेला, छाती काढलेला कामगार रंगवणं सोपं होतं. ‘इराणी रेस्टॉरंट’ (1977) पुन्हा बघा. टेबलाशी बसलेला तो माणूस कुठल्याही मोर्चाच्या फलकावर चालणार नाही. पटवर्धनांचं म्हणणंच असं होतं की ज्यांच्याकडे बघून चित्रातली ही माणसं घडली, त्यांना त्यात स्वतःचं रूप दिसलं पाहिजे. मध्यमवर्गीय माणसाने हे म्हणणं म्हणजे स्वतःला मोठ्या अडचणीत टाकणं आहे, आणि त्या अडचणीतून ते सुटलेत असं मी म्हणत नाही. उलट पुढे चित्रं बदलत गेली ती त्यामुळेच, असं मला वाटतं. आधी एकच देह कॅनव्हास भरून टाकायचा. ‘टाउन’ (1984) पर्यंत शहर पसरत गेलं, माणूस लहान झाला. ‘लोअर परळ’ (2001) येईपर्यंत 1982 च्या गिरणी संपाला जवळपास वीस वर्षं झाली होती आणि गिरणगावावर टॉवर उभे राहत होते. ज्याच्यासाठी रंगवायचं तोच शहरातून बाहेर फेकला जाताना हा चित्रकार आपल्या जागेवरून ते बघत राहिला.

बाजाराबद्दल तुमचं बरोबर आहे. सात फलकांचं ‘मुंबई प्रॉव्हर्ब्ज’ (2014) एका उद्योगसमूहासाठीच झालं. पण त्याआधी त्यांनीच ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रांचं प्रदर्शन जमवलं आणि ते महाराष्ट्रातल्या शहराशहरांतून फिरलं. चित्र मुंबई-दिल्लीच्या बाहेर न्यायचा खटाटोप किती चित्रकारांनी केला?

आणि एक, जे लेखात लिहायचं राहिलं. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 2019 च्या शेवटी त्यांच्या आजवरच्या चित्रांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं, तेव्हा मी बाबांना घेऊन गेलो होतो. बाबा वागळे इस्टेटमध्ये 31 वर्षं लेथवर होते. चित्रांच्या प्रदर्शनाला आयुष्यात पहिल्यांदाच आले होते. एका चित्रापाशी ते बराच वेळ थांबले, मग म्हणाले, “हात बरोबर काढलेत.” थोडं पुढे जाऊन परत आले. “पण हा आपल्याकडे बघत का नाही?”

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही जे विचारताय ते बाबांनीही विचारलं होतं, फक्त चित्रासमोर तासभर उभं राहून. प्रत्यक्ष चित्रं बघायची संधी मिळाली तर नक्की जा, आणि नंतरही मत तेच राहिलं तर इथे सविस्तर लिहा. मी वाचेन.