नासदीय सूक्तात ‘बिग बँग’ नाही

‘ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात बिग बँग लिहिलेला आहे, बाकीच्या धर्मांनी सृष्टीची कथा इथूनच उचलली,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. दोन्ही दावे टिकत नाहीत.

दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त अवघ्या सात ऋचांचं. त्यात स्फोट कुठेच नाही. अंधाराने झाकलेला अंधार आहे, पाणी आहे, तपातून, म्हणजे उष्णतेतून, जन्मलेलं ‘एक’ आहे. या ‘तपा’लाच ओढूनताणून महास्फोट (बिग बँग) केलं जातं. सहावी ऋचा म्हणते, देवही सृष्टीनंतरचे, मग कोणाला ठाऊक? सातवी तर कळसच: वर बसून पाहणारा अध्यक्ष जाणत असेल, ‘यदि वा न वेद’, किंवा तोही जाणत नसेल! या शंकेलाच सिद्धांत म्हणून विकणं मला तरी सूक्तावर अन्याय वाटतो. शिवाय त्याच मंडलात हिरण्यगर्भसूक्त (सोनेरी गर्भातून सृष्टी) आणि पुरुषसूक्त (विराट पुरुषाच्या यज्ञातून सृष्टी) वेगळंच सांगतात.

आदिम पाणी बॅबिलोनच्या ‘एनुमा एलिश’ या सृष्टिकथेतही आहे (अप्सू गोडं, तियामत खारं) आणि बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातही. पण तियामतला मार्दुक हा देव चिरतो, बायबलमध्ये देव नुसता बोलतो. साम्य म्हणजे उचलेगिरी नव्हे.

हा मोह फक्त आपलाच नाही. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी महास्फोटाचा संबंध बायबलशी जोडला, तेव्हा खटकलं ते या सिद्धांताचे आद्य प्रवर्तक जॉर्ज लमेत्र यांनाच. आणि ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते.