वाढदिवस तुमचा, जुलाब त्यांचे

रविवार उजाडला की आमच्या इंदूरच्या कुत्र्या-मांजरांच्या शेल्टरच्या फाटकाशी गाड्या लागतात. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या आजोबांची पुण्यतिथी. आणि डिकीतून निघतं काय? जिलेबी! सोबत शेव भुरभुरवलेले पोहे. अहो, हा इंदूरकरांचा नाश्ता आहे, कुत्र्यांचा नव्हे. पोह्यातला कांदा त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, मनुका मूत्रपिंडाला भोवतात, चॉकलेट केकचं तर नावच नको. सांगायला जावं तर, "अरे भिया, एका घासानं काय होतंय?" काही नाही हो काका! तुम्ही फोटो काढून छप्पन दुकानाच्या खाऊगल्लीत निघून जाता, पिंजरे धुवायला आम्ही आहोतच.

एक मावशी मांजरांच्या खोलीसाठी फिनाईलचा कॅन देऊन गेल्या. मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. फरशीवरून चालून पंजे चाटले की विषबाधा. त्यावर "आमची मनी दूधपोळीवर बारा वर्षं जगली" हेही ऐकून घ्या. जगली असेल बापडी.

जुन्या चादरी, रद्दी, बिनमिठाचा भात मागितला की मात्र सगळ्यांना एकदम घाई होते. काय आणू नये याचा बोर्ड लावलाय, चांगला डोळ्यांसमोर, हिंदी-मराठी दोन्हीत. परवा कुणीतरी त्यालाच क्रीमचे हात पुसून गेलं.