शिकले धंद्यासाठी, आणि खर्च म्हणे पर्सनल!

डोकं फिरलंय नुसतं. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत माझं हळद पावडरचं छोटं युनिट आहे. गेल्या वर्षी सहा महिने एका बिझनेस कोचकडे शिकले. फी ६०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १०,८००. बिल युनिटच्या नावाचं, त्यावर आमचा जीएसटी नंबर, पैसे चालू खात्यातून. सगळं चोख. आणि रिटर्नच्या वेळी सीए म्हणतात, "ताई, कोचिंग म्हणजे पर्सनल. ड्रॉइंगला टाकलंय." म्हणजे मालकिणीनं घरखर्चाला काढलेल्या पैशांत; धंद्याच्या खर्चात धरलंच नाही.

पर्सनल? मी काय तिथं गाणं शिकायला जात होते?

राजापुरी हळकुंड दळताना किती घट येते, ती किलोच्या दरात कशी धरायची, दोन महिन्यांच्या उधारीचं व्याज कुठं बसवायचं, हे मला तिथं कळलं. त्याआधी मार्केट यार्डातला खरेदीचा भाव, दळपाची मजुरी, पिशवी, एवढं जोडून अंदाजानं दर सांगायचे. पुण्याच्या एका ऑर्डरवर किलोमागं तोटा खात होते, तो त्या कोचनं माझीच वही पुढ्यात ठेवून दाखवला. रडले होते त्या दिवशी. मग दर बदलले, नफा वाढला. त्या वाढलेल्या नफ्यावर टॅक्स लागतो, तेव्हा तो नफा धंद्याचा. मग तो मिळवायला केलेला खर्च घरचा कसा काय?

१९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ३७(१) सांगतं, खर्च भांडवली नसावा, खासगी नसावा, पूर्णपणे धंद्यासाठीच असावा. डिग्री घेऊन मी नवाच पेशा धरला असता तर गोष्ट वेगळी. मालकाच्या पोराला परदेशी शिकवून तो खर्च कंपनीच्या माथी मारल्याची प्रकरणं कोर्टात गेलीत, तेही ठाऊक आहे. पण मी माझ्याच चालू धंद्याचा हिशोब शिकले हो!

त्यांच्या ऑफिसातला पोरगा वर म्हणतो, नव्या टॅक्स रिजीममध्ये वजावट मिळत नाही. अरे बाबा, ८०सी वगैरे, म्हणजे विमा, पीपीएफची वजावट मिळत नाही. धंद्याचा खर्च जुन्या-नव्या दोन्हीकडं वजा होतो!

दिवाळीच्या मिठाईचे बॉक्स, कॅलेंडरची छपाई, हे बिनबोभाट खर्चात जातं. शिकण्याचा विषय निघाला की "कशाला नोटीस ओढवून घ्यायची?" नोटीस आली तर उत्तर द्यायलाच तर तुम्हाला फी देते ना?

२० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट १२,४८० रुपये जादा टॅक्स. पर्सनल म्हटल्यामुळं जीएसटीचं १०,८०० चं क्रेडिटही, म्हणजे आम्ही भरायच्या जीएसटीतून वळती होणारी रक्कम, सोडून दिलंय. झाले २३,२८०. एवढ्यात पॅकिंगला येणाऱ्या दोघींचा महिन्याचा पगार निघतो.

रिटर्न अजून भरलेलं नाही. उद्या सकाळी बिल, कोचचे मेल, आधीचं आणि नंतरचं दरपत्रक घेऊन त्यांच्या ऑफिसात जाऊन बसणार आहे. ती एंट्री ड्रॉइंगमधून निघाल्याशिवाय उठणार नाही.